काश्मीरमधल्या बायका-मुलांसाठी आपला छोटा ग्रुप नक्की काय करू शकतो? (अनुभवी लोकांनी प्लीज लिहा)

शेवंतीची_वेणी

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक होणारे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

आमचा शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप आहे, बहुतेक जणी पुण्यात, दोघी ठाण्याला. आधी भिशी होती, कोविडमध्ये ती बारगळली आणि मग तेच पैसे एका खात्यात जमा करून वर्षातून एकदा कुठेतरी चांगल्या कामाला द्यायचे असं सुरू झालं. एकीचा नवरा आर्मीत होता, पूर्वी कुपवाड्याला पोस्टिंग होतं, त्याच्या जुन्या ओळखीतून आम्ही चौघी मागच्या ऑक्टोबरात तिकडे जाऊन आलो. म्हणजे शिकारा-ट्युलिप-गुलमर्ग वाली ट्रिप नाही, गावांमध्ये. अक्रोड झोडपायचे दिवस नुकतेच संपले होते, सगळ्या बायकांचे हात सालींनी काळेकुट्ट.

अधिक कदम हे नाव इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. नगर जिल्ह्यातला मुलगा, पुण्यात शिकत असताना १९९७ ला पहिल्यांदा काश्मीरला गेला आणि तिथलाच झाला. २००२ पासून त्यांच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनने अनाथ मुलींसाठी 'बसेरा-ए-तबस्सुम' नावाची घरं काढली, पहिलं कुपवाड्यातच. मुलग्यांसाठी यतीमखाने (अनाथाश्रम) होते तिकडे, मुलींसाठी फारच कमी. तर आम्हाला वाटलं होतं सोप्पं आहे, अशा एखाद्या घरातल्या दोन-तीन मुलींचा खर्च उचलायचा आणि मोकळं व्हायचं.

पण एका बाईंकडे गेलो (ही वेगळी, कुठल्या संस्थेचं नाव यात घेत नाही) आणि सगळं डोक्यात फिरायला लागलं. त्यांचा नवरा २००२ साली बाजारात म्हणून गेला तो आलाच नाही. कोणी नेलं हे आजपर्यंत माहीत नाही, वर्दीतले होते म्हणतात, कोणी म्हणतं वर्दी खोटी होती. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. मुलाला शाळेत घालताना क्लार्कने फॉर्मवर बापाच्या नावाआधी 'मरहूम' (म्हणजे दिवंगत) लिहिलं. बाईंना लिहिता वाचता येत नाही, पण एवढं एक अक्षर त्यांना ओळखता येत होतं, कबरस्तानात बघून बघून. त्यांनी क्लार्कच्या हातातलं पेन घेतलं आणि त्यावर काट मारली. फॉर्म खराब झाला म्हणून दुसरा आणायला लावला, त्याचे पाच रुपये वेगळे.

मुलगी पाच-सहा वर्षांची झाल्यावर तिला एका होस्टेलमध्ये ठेवलं कारण सासरच्यांनी हात वर केले होते आणि भाताच्या शेतातली मजुरी वर्षातून थोडेच दिवस. मुलगा घरी राहिला, आठवीत शाळा सुटली, आता शेअर सुमो चालवतो. मुलगी बारावी झाली, नर्सिंग करतेय. म्हणजे होस्टेल चांगलंच ठरलं ना? मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "पढ़ गई, अच्छा हुआ. मगर उसकी चोटी मैंने कभी नहीं गूँथी." आणि परत क्रुएलच्या (लोकरीच्या भरतकामाच्या) कापडावर आरीने (आकड्याच्या सुईने) टाके घालायला लागल्या, फेरनच्या (लांब सैल झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी), एक हात आत एक बाहेर, मधूनच हात बदलायच्या.

तर आता आमच्यात तीन पार्ट्या पडल्यात. एक, मुलींच्या होस्टेलला पैसे द्या. दोन, आयांना काम द्या, क्रुएलच्या कुशन कव्हरची ऑर्डर वगैरे. तीन, त्यांच्या कागदपत्रांसाठी वकील लावून द्या. रक्कम फार नाही, वर्षाला लाखाच्या आसपास. मी स्वतः दोन नंबरकडे झुकतेय पण खात्री नाही. लिहा.

खडूस_काका

उपक्रम चांगला. पण यवतमाळ-अमरावतीत शेतकऱ्यांच्या विधवा कमी आहेत का, की एवढं श्रीनगर ओलांडून जायचं? घर सोडून गाव रांगोळी.

पावशेर_भाकरवडी

काका तुम्ही यवतमाळला किती दिलेत ते लिहा, मग पुढचं बोलू ;)

खडूस_काका

देतो. दोन मुलींची फी. लिहायची हौस नव्हती, विचारलंत म्हणून.

पावशेर_भाकरवडी

🙏 शब्द मागे.

टिळकनगर_४२१

मी डोंबिवलीचा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे २६ गेले त्यातले तीन आमच्या डोंबिवलीचे, महाराष्ट्रातले एकूण सहा. अंत्ययात्रेला मी होतो. धागाकर्तीचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही पण खरं सांगू का, काश्मीरसाठी खिशात हात घालायला माझा हात जात नाही अजून. तिकडच्या विधवांना मदत आणि आमच्या इकडच्या ज्या त्या दिवशी विधवा झाल्या, मुलांसमोर, त्यांचं काय? राग आहे, तो आहे.

शेवंतीची_वेणी

टिळकनगर, तुमचा राग मला कळतो, मी त्यावर वाद घालणार नाही. आमच्यातल्याही दोघींचं हेच म्हणणं होतं, त्या यावर्षी पैसे देणार नाहीयेत आणि ग्रुपमध्ये आहेतच. फक्त एवढंच की त्या दिवशी मारला गेलेला घोडेवाला आदिल तिथलाच होता, पर्यटकांना वाचवायला गेला म्हणून. त्याच्या घरी आपल्या एकनाथ शिंदेंनी पण मदत पाठवली होती. इकडच्या सहा कुटुंबांना राज्य सरकारने पन्नास पन्नास लाख जाहीर केले, ते व्हायलाच हवं होतं. मी ज्या बाईंबद्दल लिहिलं त्यांना वीस वर्षांत एक रुपया मिळालेला नाही कारण नवरा मेलाय हे कागदावर नाही.

टिळकनगर_४२१

वाचतोय. देईन असं नाही, पण वाचतोय.

अ‍ॅडमिन

राजकारणासाठी वेगळे धागे आहेत, ३७०, काँग्रेस, भाजप सगळं तिकडे. इथे आलं की उडवलं जाईल.

चिनार_नाशिकरोड

मी काश्मिरी पंडित घरातली. आईबाबा १९९० च्या जानेवारीनंतर निघाले, माझा जन्म जम्मूचा, मुठी कॅम्पात तंबूत. इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात आले कारण बाळासाहेबांच्या पुढाकाराने इथल्या कॉलेजांमध्ये विस्थापितांच्या मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या होत्या, मग लग्न इकडेच, मराठी सासूकडून शिकले, चुका माफ.

धागा वाचून आधी चिडले, आमच्याबद्दल कोणी का लिहित नाही म्हणून. मग वाटलं आपणच लिहावं.

कॅम्पात सगळ्यात जास्त कोणी सोसलं असेल तर बायकांनी. थंड हवेतून थेट जम्मूच्या उन्हात, एका तंबूत किंवा नंतर एका खोलीत सासू-सासरे-दीर-मुलं सगळे. कपडे बदलायला जागा नाही. साप निघायचे. पुरुष नोकरीच्या शोधात दिल्लीला वगैरे, बायका पाण्याच्या रांगेत. माझी आई श्रीनगरला शिक्षिका होती. कॅम्पात पण शाळा भरायच्या, तंबूत, आणि ती संध्याकाळी आमच्या तंबूबाहेर पोरं गोळा करून गणित घ्यायची, फी नाही. कोणी संस्था आली नव्हती, कोणी फोटो काढले नाहीत. शेजारच्या तीन-चार बायका आळीपाळीने सगळ्या पोरांचा चहा करायच्या म्हणून ती क्लास घेऊ शकायची. मला विचाराल तर तळागाळातलं काम म्हणजे ते. २०११ ला विस्थापितांसाठी जगती टाउनशिप झाली तेव्हा आई तिकडे गेली, फ्लॅट मिळाला, पण तो शेजार तुटला आणि मला वाटतं ती तिथे जास्त एकटी पडली.

तर माझं एकच सांगणं, काही द्यायचं असेल तर जिथे बायका आधीच एकमेकींना धरून आहेत तिथे द्या. नवीन काही काढायला जाऊ नका.

आणि हो, तुमच्या त्या बाईंनी जी काट मारली ती वाचून रडले. आमच्याकडे पण एक काकू होत्या, त्यांच्या भावाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

पावशेर_भाकरवडी

चिनारताई, असंच लिहीत जा. मराठी माझ्यापेक्षा चांगलंय तुमचं.

वाचनमात्र_मी

+१ चिनार यांना. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कात्रजची_मावशी

पुण्यात काश्मीरची मुलं शिकायला येतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल, संजय नहारांची 'सरहद' हे काम कितीतरी वर्षं करतेय (तेच ज्यांनी २०२५ चं दिल्लीचं साहित्य संमेलन केलं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या ते). मी सरहदची नाही. मी शाळांमध्ये समुपदेशन करायचे, आता रिटायर, आणि दुसऱ्या एका वसतिगृहात अशी काही मुलं होती त्यांच्यासोबत बरंच काम केलं. त्या जागेचं नाव सांगणार नाही कारण सगळं गोड लिहिणार नाहीये.

पहिले काही आठवडे मुलं फार शहाणी असतात. रडत नाहीत, भांडत नाहीत, ताट धुवून ठेवतात. बाहेरून आलेले देणगीदार म्हणतात किती गुणी. मला त्या गुणीपणाचीच भीती वाटायची. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पोळ्या उशीच्या अभ्र्यात ठेवायची, मुंग्या लागल्यावर कळलं. तिला रागवून उपयोग नव्हता. आम्ही तिला एक डबा दिला, झाकणाचा, आणि सांगितलं हा तुझा, रात्री दोन पोळ्या यात ठेवायच्या, सकाळी बघायच्या. बरेच दिवस ती मध्यरात्री उठून झाकण उघडून बघायची. नंतर एकदा डब्यात रंगीत खडू सापडले, तेव्हा मी समजले की जमतंय. दिवाळीचं तर विचारूच नका. आपण इकडे हौसेने लवंगी लावतो आणि चार मुलं पलंगाखाली. त्यानंतर आम्ही दिवाळीआधी मुलांना दुपारी, उजेडात, त्यांच्याच हाताने एक फटाका लावायला द्यायचो, ज्याला नको त्याला नको, आणि रात्री वॉर्डनने खोलीतच झोपायचं.

मोठा धडा मला मिळाला तो फोनचा. तिथे नियम होता, रविवारी दहा मिनिटं. काश्मीरमध्ये गडबड झाली की नेट बंद, फोन बंद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर कित्येक आठवडे काहीच नाही. मुलं रविवारी लाइन लावून उभी राहायची आणि रिंगच जायची नाही. अशा वेळी मुलं आईबद्दल काय काय कल्पना करतात हे मी इथे लिहू शकत नाही. नंतर मी भांडून तो नियम बदलून घेतला, रोज दोन मिनिटं चालतील पण रोज.

आता मुद्दा. तुमच्या ज्या बाई आहेत त्यांचं मूल अनाथ नव्हतंच. आई होती. आपल्याकडे अनाथाश्रमांमध्ये पण निम्म्याहून जास्त वेळा हेच दिसतं, आई असते, पैसे नसतात. सेव्ह द चिल्ड्रनच्या अंदाजाने जम्मू-काश्मीरमध्ये २ लाख १४ हजार अनाथ, त्यातले ३७ टक्के संघर्षामुळे, हा आकडा सगळे सांगतात पण त्यात बाप गेलेली आणि आई असलेली किती हे कोणी विचारत नाही. बाल न्याय कायदा पण हेच म्हणतो की संस्था हा शेवटचा पर्याय. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये स्पॉन्सरशिप आहे, विधवा आईकडे घरी राहणाऱ्या मुलाला महिन्याला ४००० रुपये, खेड्यात उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२ हजार. आपल्याकडची बालसंगोपन योजना आहे ना, तसंच. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे.

म्हणून माझं मत होस्टेलच्या विरोधात आहे असं नाही. जिथे खरंच कोणी नाही, किंवा मुलीला घरात धोका आहे, किंवा गावात पाचवीच्या पुढे शाळाच नाही, तिथे चांगलं घर म्हणजे जीवदान असतं, आणि बसेरासारखी घरं निदान त्यांच्याच मुलखात आहेत, तीच भाषा, तोच भात-हाक (हाक म्हणजे तिकडची पालेभाजी), ईदला घरी जाता येतं. पण चार हजार रुपयांसाठी आई आणि मूल तुटत असेल तर आधी ते चार हजार उभे करा.

खडूस_काका

मावशी, प्रतिसाद आवडला. अवांतर: ८०जी ची (करसवलतीची) पावती असलेली संस्थाच बघा, आणि एफसीआरएचं (परदेशी देणग्यांच्या कायद्याचं) लफडं नको असेल तर परदेशातल्या मैत्रिणींचे पैसे या खात्यात मिसळू नका. मी ३५ वर्षं ऑडिट केलंय. पैसे रोख नेऊन वाटू नका, कितीही भरून आलं तरी.

सुईदोरा

मी हस्तकलेच्या व्यवसायात आहे, काश्मीरचं काम घेते, त्यामुळे दोन नंबरबद्दल थोडं कडू बोलते.

वर्षातून एकदा 'चांगल्या मनाने' दिलेली ऑर्डर ही त्या बायकांसाठी डोकेदुखी असते. तुम्ही साठ कुशन कव्हरं सांगणार, त्या बाई नेहमीच्या व्यापाऱ्याचं काम बाजूला ठेवून तुमचं करणार, पुढच्या वर्षी तुमच्या सगळ्यांच्या घरी कुशन कव्हरं झालेली असणार. तोवर व्यापाऱ्याने दुसरी बाई धरलेली असते. व्यापारी लुटतो हे खरंच आहे, पण तो दर महिन्याला येतो, कापड-लोकर घेऊन येतो आणि मुलीच्या लग्नात उचल देतो. त्याच्याशी स्पर्धा करायची तर दर महिन्याला यावं लागेल.

दुसरं, क्रुएलला डिझाइन कापडावर छापून येतं, ते छापणारा वेगळा, लोकर रंगवणारा वेगळा, शेवटी धुणारा वेगळा. तुमच्या बाई फक्त आरीचं काम करतात. म्हणजे 'थेट बाईंकडून' घ्यायचं तर मधली सगळी साखळी तुम्हाला चालवावी लागेल. सोझनी (सुईचं बारीक भरतकाम) करणाऱ्यांचे तर चाळिशीत डोळे जातात. मला विचाराल तर लाखातले काही हजार चष्म्यांवर घाला. गंमत नाही करत. एक डोळे तपासणी शिबिर, जवळचा नंबर काढून चष्मे, त्या बाईची पाच-दहा वर्षांची कमाई वाढते. आणि ऑर्डर द्यायचीच असेल तर ऑक्टोबरपर्यंत द्या, चिल्लई कलानला (२१ डिसेंबरपासून चाळीस दिवस) सगळ्या घरातच असतात, बर्फात दुसरं काम नसतं, तेव्हाच हे काम होतं.

शेवंतीची_वेणी

सुईदोरा, चष्म्याचं आमच्या चौघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही आणि चौघींना पण चष्मा आहे. त्या बाई कापड नाकाला लावून काम करत होत्या, मी त्याचा फोटो पण काढलाय 'किती तल्लीन' म्हणून.

हायकोर्टाची_पायरी

वकील आहे, मुंबईत, काश्मीरमध्ये प्रॅक्टिस नाही पण बेपत्ता व्यक्तींच्या केसेस बघितल्यात. तीन नंबरबद्दल लिहिते.

सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कोर्ट धरू शकतं, जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. लोकांना वाटतं सात वर्षं झाली की आपोआप सर्टिफिकेट मिळतं. नाही. कोर्टात जाऊन जाहीर करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी मुळात 'हा माणूस अमुक दिवसापासून नाही' असा कागद लागतो. तोच बहुतेकींकडे नसतो. त्या काळात ठाण्यात तक्रार घ्यायचेच असं नाही, आणि कित्येकींना तिथे जायचीच भीती होती.

मृत्यूचा दाखला नाही म्हणून विधवा पेन्शन नाही, बँकेतले पैसे नाहीत, जमीन नावावर नाही. संघर्षात मारल्या गेलेल्या नागरिकांच्या कुटुंबासाठी तिकडे एक लाखाचं सानुग्रह अनुदान आणि १९९४ च्या एसआरओ ४३ या सरकारी नियमाखाली नोकरी अशी तरतूद होती, पण तिथेही आधी मृत्यू सिद्ध करा आणि मग तो अतिरेक्यांशी संबंधित नव्हता हे पण सिद्ध करा. ज्यांचे मृत्यू सरळ नोंदलेले आहेत त्यांचीही रखडतात. अतिरेक्यांनी मारलेल्यांच्या कुटुंबांना कित्येक वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये बारामुल्लाला, नायब राज्यपालांच्या हस्ते नोकरीची पत्रं मिळाली. एवढ्या वर्षांत त्यांच्या मुलांची लग्नं होऊन गेली असतील.

आणि तुमच्या बाईंनी जी काट मारली त्यामागेही हेच आहे. दाखला मागायचा म्हणजे नवरा मेला म्हणून स्वतःच्या तोंडाने अर्ज करायचा. कित्येकजणी ते करत नाहीत, पेन्शन गेलं खड्ड्यात. परवीना आहंगर यांचा मुलगा १९९० ला नेला, त्यांनी १९९४ ला बेपत्तांच्या पालकांची संघटना काढली, दर महिन्याच्या १० तारखेला श्रीनगरच्या प्रताप पार्कात बायका फोटो घेऊन बसायच्या, २०१९ पर्यंत. त्यांना पैसे नको होते, काय झालं ते सांगा एवढंच. त्यामुळे आपण पुण्यामुंबईहून जाऊन 'ताई, दाखला काढून टाका' असं म्हणणं मला तरी जमणार नाही. तो निर्णय तिचा.

दुसऱ्या लग्नाबद्दल, डिसेंबर २०१३ मध्ये तिकडच्या उलेमांनी चार वर्षं वाट बघून लग्न करता येईल असा निर्णय दिला. कागदावर मार्ग मोकळा झाला, पण तोपर्यंत १९९० च्या दशकातल्या बायका चाळिशी-पन्नाशीत होत्या. कोण करणार लग्न.

वारशाचं मात्र लक्षात ठेवा. शरीयतप्रमाणे आजोबांच्या आधी बाप गेला आणि काका जिवंत असतील तर नातवंडांना आजोबांच्या जमिनीत वाटा मिळत नाही. म्हणजे दाखला काढला आणि मृत्यूची तारीख आजोबांच्या आधीची पडली तर मुलांचंच नुकसान होऊ शकतं. उपाय आहे, आजोबा जिवंत असतील तर त्यांनी हयातीतच नातवंडांना हिबा (बक्षीस) करून द्यावं किंवा वसीयत (मृत्युपत्र) करावी, वसीयत एक तृतीयांशापर्यंत. काही आजोबा तयार होतात, त्यांनाही मुलगा गेल्याचं दुःख असतंच. हे काम वकिलाचं कमी आणि गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईचं जास्त.

आणि वकिलावर पैसे घालवू नका!! १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कुपवाड्यालाही आहे. पैसे लागतात ते बसभाड्याला, झेरॉक्सला आणि तारखेच्या दिवशी बुडलेल्या मजुरीला. बायका तिथेच गळतात, दोन तारखांना येतात, तिसरीला येत नाहीत. तारखेला जाणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी आणि सुमोचं भाडं देणारं कोणी असेल तर केस उभी राहते. हे कुठल्याही देणगीच्या ब्रोशरमध्ये दिसणार नाही कारण याचा फोटो निघत नाही.

खडूस_काका

व्हाउचर ठेवा म्हणजे झालं. तारीख, केस नंबर, सही किंवा अंगठा.

कोरचीचा_मास्तर

गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. इतकं लांबचं बोलणं चाललंय म्हणून जवळचं थोडं सांगतो, काश्मीरशी तुलना म्हणून नाही.

इकडे नक्षल्यांनी पोलिसाचा खबऱ्या म्हणून मारलेल्या माणसाची बायको आणि नक्षलमधून परत आलेली बाई एकाच बाजारात मीठ घेतात. एकीच्या नवऱ्याला दुसरीच्या दलमने (नक्षल्यांच्या तुकडीने) मारलेलं असू शकतं. आत्मसमर्पण केलेल्यांचा बचतगट आहे, फिनाईल बनवतात, सरकारी कार्यालयांत जातं, चांगलं आहे. पण माझ्या वर्गात दोन्हीकडची पोरं असतात आणि खबऱ्या म्हणून मेलेल्याचं पोर म्हणतं, सर त्यांना घर मिळालं आम्हाला काय. मदत देताना शेजारणीचं काय हा प्रश्न येतोच. मॅडम, तुमच्या त्या बाईला चष्मा द्याल तर गल्लीतल्या सगळ्यांना द्या, जिचा नवरा एसपीओ (पोलिसांचा विशेष पोलीस अधिकारी) होता तिलाही आणि जिचा मुलगा तिकडे सीमेपार गेला तिलाही. नाहीतर तुम्ही विमानात बसाल आणि ती बाई तिथे वर्षभर ऐकून घेईल.

चिनार_नाशिकरोड

मास्तर 👏 कॅम्पात कांबळी वाटायला यायचे तेव्हा हेच व्हायचं. आई म्हणायची सगळ्यांना पुरत नसतील तर परत न्या.

शेवंतीची_वेणी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल झूमवर बोललो, दोन तास, त्यातला एक तास भांडण. ठरलं ते असं: होस्टेलला यावर्षी काही नाही. त्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत डोळे तपासणी, सगळ्यांची, मास्तर म्हणाले तसं. तिकडच्या एका निवृत्त आरोग्यसेविका आहेत, त्या आधीपासूनच बायकांना घेऊन दवाखान्यात वगैरे जातात, चिनारताईंच्या म्हणण्याप्रमाणे तिथेच जोडून घ्यायचं. तारखेची मजुरी आणि भाडं यासाठी वेगळी रक्कम, ती पण त्याच बघतील, काकांच्या व्हाउचरसकट. वात्सल्यचे अर्ज कोणाकोणाचे बसतात ते त्या बघून ठेवणार आहेत. कुशन कव्हरची पार्टी नाराज आहे, त्यांना सांगितलंय की हवी असतील तर स्वतःच्या पैशाने घ्या.

आता एक अडचण. त्या बाईंच्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर कागदांचे फोटो पाठवलेत, आईने विचार करायला हरकत नाही म्हटलंय, फक्त विचार. पण तक्रारीचा कागद उर्दूत आहे, पोलिसी उर्दू, मुलाला पण धड लागत नाहीये. हायकोर्ट, तुम्हाला वाचता येईल का?

हायकोर्टाची_पायरी

मला उर्दू येत नाही. पण त्यात एफआयआर आहे की नुसती डीडी एंट्री (ठाण्याच्या रोजच्या डायरीतली नोंद), आणि तारीख कुठली, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल. इथे फोटो टाकू नका, नावं आहेत.

मोसमकाठ

मी मालेगावचा, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, बरेच दिवस नुसता वाचत होतो. पोलिसी उर्दू म्हणजे अर्धी फारसी असते, शिकस्ता हात (घाईचं मोडकं वळण) असेल तर अजून कठीण, पण माझे वडील कोर्टात अर्जनवीस (अर्ज लिहून देणारे) होते, त्यांना सवय आहे, ८१ वर्षांचे आहेत पण भिंगाने वाचतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो फुटतो, मुलाला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूचा पण काढ, ठाण्याचा शिक्का आणि नोंद नंबर पुष्कळदा मागेच असतो.

शेवंतीची_वेणी

व्यनि केलाय. मागची बाजू उद्या मागवते, आज तिकडे नेट नाहीये.